खेळाची पुस्तकं मी निवडते

५ ऑक्टोबर, सोमवार
मनगटाचं प्लास्टर निघालं. फिजिओच्या बाई म्हणाल्या, आजी, रोज थोडं लिहीत जा, बोटं मोकळी होतील. काय लिहू, विचारलं तर म्हणाल्या, मनात येईल ते. माझ्या मनात काही येत नाही. लहानपणी शाळा सुटली ती सुटलीच. पुढचा सगळा जन्म कारखान्यात शर्टांना कॉलर बसवण्यात गेला. कॉलरला मन लागत नाही, नजर लागते.
बोटं दुखली. पुरे.

६ ऑक्टोबर, मंगळवार. दुपार
आज घरात एक किरकोळ गोष्ट झाली. लिहिण्यासारखी नाही.
दूध उतू चाललं म्हणून पातेलं उचललं. मनगटात कळ आली. समोर टेबलावर जे दिसलं त्यावर टेकवलं. ते नातीचं पुस्तक निघालं. जाडजूड, गुळगुळीत कव्हर, वर पंख असलेला सरडा. पातेलं परत उचललं तर सरडा बुडाला चिकटून वर आला.
यात माझी चूक शून्य. पुस्तक स्वयंपाकघरात कशाला हवं? मी पातेलं घेऊन कधी तिच्या अभ्यासाच्या टेबलावर जाते का?
दूध आत गेलं आणि पानं एकमेकांना चिकटली. सोडवायला गेले, फाटली. इस्त्री फिरवून पाहिली. त्याने आणखीनच... असो.
सध्या माझ्या गादीखाली आहे. लपवलेलं नाही. सपाट व्हावं म्हणून ठेवलंय. संध्याकाळी सांगून टाकणार.

तोच दिवस. संध्याकाळ
नात शाळेतून भुकेली आली. उपाशी पोरीला कसं सांगायचं? जेवली. भरल्या पोटी तर मुळीच सांगू नये, अन्न अंगी लागत नाही. उद्या.

७ ऑक्टोबर, बुधवार
नातीने घर उलटंपालटं केलं. शेवटी तिने स्वतःच ठरवलं की पुस्तक बसमध्ये राहिलं. मी ठरवलं नाही, तिने ठरवलं. हे लिहून ठेवते.
या पुस्तकाचं एवढं काय, तर ते रूलबुक होतं. त्यांचा एक खेळ असतो. त्यात ना पट, ना सोंगट्या. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि कोणाचं काय होणार ते फासे टाकून ठरवतात. नियम सगळे पुस्तकात. आम्ही हे घर बदलल्यापासून नातीची शाळा नवी. डबासुद्धा एकटीच खाते. आम्ही तिला खार म्हणतो, कारण खिशात सदा रंगीत फासे कोंबलेले. तर या खारीकडे वर्गातल्या तिघी पुढच्या शनिवारी खेळायला येणार आहेत. पहिल्यांदाच कोणीतरी येणार. गोष्ट चालवणार ही. आणि पुस्तक माझ्या गादीखाली.
ती शाळेतून परस्पर बसडेपोत जाऊन आली. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीतल्या माणसाने तिला छत्र्या दाखवल्या. मी विचारलं, सापडलं का? न विचारून कसं चालेल, संशय आला असता.
सून तिला खूप बोलली. एक वस्तू सांभाळता येत नाही, बाबा तिकडे दूर राबतो, तुला काही किंमत आहे का. मी भाजी चिरत होते. तोंड उघडणार होते, पण मायलेकींच्या मध्ये पडायचं नाही हा माझा नियम. सून भाजी बघून म्हणाली, आई, एवढी बारीक? आपण पोपट पाळलाय का?
हा नियम आजच सुरू केला, पण नियम चांगला आहे.

८ ऑक्टोबर, गुरुवार
तोडगा सापडला. नवं पुस्तक मीच आणते. खरं सांगण्यापेक्षा हे जास्त उपयोगी. खरं सांगून कुठे खेळता येतं?
सकाळी जाहीर केलं, आजीकडून भेट. नातीने मिठी मारली. सुनेचे डोळे भरले, म्हणाली, आई, तुमची जीभ तिखट पण मन किती मोठं. मी म्हटलं, तवा जळतोय तिकडे बघ.
तवा जळत नव्हता.
 

९ ऑक्टोबर, शुक्रवार
दुकानात जाऊन आले. नात बरोबर येते म्हणाली, मी म्हटलं गंमत आहे, तू नको. खरं कारण म्हणजे जिने. दुकान तळघरात आहे, तिचा पाय मुरगळला असता.
काचेच्या कपाटात फासेच फासे. गल्ल्यावर एक दाढीवाला. त्याला म्हटलं, पंखवाला सरडा द्या. म्हणाला, आजी, ती एडिशन बंद झाली. आता नवी आलीय, आणि तिची तीन रूलबुकं केलीत. एक खेळाडूंचं, एक चालकाचं, एक राक्षसांचं. मी म्हटलं, म्हणजे कॉलर वेगळी, बाह्या वेगळ्या, खिसा वेगळा, आणि शर्ट म्हणून काहीच नाही. आम्हाला ही अक्कल असती तर कारखाना आमचा असता. हसला. मग म्हणाला, नवखी मंडळी आहेत ना, मग फक्त खेळाडूंचं घ्या आणि हे एक बारीक गोष्टीचं पुस्तक घ्या. खेळाचे मूळ नियम खेळाडूंच्या पुस्तकातच आहेत. बाकीची दोन वर्षभर लागणार नाहीत.
कमी माल विकणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नाही. लगेच शंका आली.
मी माझ्या पद्धतीने पारख केली. तिन्ही पुस्तकं पालथी केली, पाठ दाबली, दोरा ओढून पाहिला. खेळाडूंचं नुसतं डिंकावर. राक्षसांच्या पुस्तकाची शिलाई एक नंबर, टाका न टाका सारखा. शिवाय सगळ्यांत जाड. जळलं त्यापेक्षा जाड दिलं तर हिशेब आपल्याच बाजूला झुकतो.
राक्षसांचं घेतलं.

१० ऑक्टोबर, शनिवार
नातीला दिलं. छान आहे गं आजी, म्हणाली. पानं उलटली, पुन्हा म्हणाली, खूपच छान आहे. दोनदा छान म्हटलं की समजावं. मग हळूच म्हणाली, यात फक्त राक्षस आहेत, खेळायचं कसं ते नाही. पण असू दे, त्या आल्या की आम्ही चित्रं बघू.
चित्रं बघू. तेरा वर्षांच्या पोरी.
सगळा दोष दाढीवाल्याचा. त्याने मला आधी बजावलं होतं हे खरं, पण जोर देऊन बजावलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर, सोमवार
पुन्हा दुकानात. या वेळी पूर्ण विचार करून गेले. गोष्ट कोण चालवणार? नात. मग कुठलं पुस्तक हवं? चालकाचं. दाढीवाला म्हणाला, आजी, ऐका माझं, आधी खेळाडूंचं घ्या. मी म्हटलं, बसच्या ड्रायव्हरला तुम्ही तिकीट देता का स्टिअरिंग? त्याने दाढीवर हात ठेवला आणि पुस्तक काढून दिलं. मुद्दा पटला असणार.
घरी आले तर नात नुकतीच डेपोतून आलेली. नवं आलं तरी जुनं शोधतेच आहे. विचारलं, सापडलं का? म्हणाली, नाही गं. वर्षभर त्याच्या समासात मी पेन्सिलीने लिहीत होते, कुठला नियम कसा बदलायचा ते. ते नव्यात कुठून येणार?
ते बारीक अक्षर मी पाहिलं होतं. पान फाटताना.
चालकाचं पुस्तक आज दिलं नाही. आधी तपासून बघते.

१३ ऑक्टोबर, मंगळवार
तपासलं. पानोपानी एकच. यासाठी खेळाडूंचं पुस्तक बघा, त्यासाठी खेळाडूंचं पुस्तक बघा. दाढीवर हात कशाला ठेवला ते कळलं. हसू लपवत होता मेला.
तरी ओळीखाली बोट धरून थोडं वाचलं. पुस्तक वाईट नाही. चालकाने कसं वागावं ते दिलंय. त्याने खेळणाऱ्यांचं वाईट चिंतू नये. सगळ्यांना सारखा न्याय द्यावा. आणि जे झाकायचं ते योग्य वेळ येईपर्यंत झाकून ठेवावं.
ही शेवटची ओळ पुन्हा वाचली. मी नेमकं हेच करतेय. कोणी शिकवलं नसताना.

१४ ऑक्टोबर, बुधवार
खेळाडूंचं आणलं. ते गोष्टीचं बारीक पुस्तकही आणलं. दाढीवाल्याने पिशवी जिन्याच्या वरपर्यंत आणून दिली. विचारलं, आजी, तुम्ही स्वतःच खेळता ना? खरं सांगा. मी म्हटलं, आमच्या वयात गुडघे खेळवतात तेवढं पुरे.
झालं. सगळा माल जमा. उद्या पुस्तकं देताना त्यातच खरं सांगून टाकायचं. भेट आणि कबुली एकदम दिली की एक दुसरीला सांभाळून घेते.
गोष्टीचं पुस्तक प्लास्टिकमध्ये बंद आहे. वर छापलंय, चालकाशिवाय कोणीही उघडू नये. बरोबर आहे. पण लहान मुलींच्या हाती देण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाने नजर टाकायला नको? काही वेडंवाकडं असलं तर?
ब्लेडने जोड मोकळा केला. जोड कुठे असतो हे मला सांगावं लागत नाही. पहिलं पान वाचून ठेवून देईन.

१५ ऑक्टोबर, गुरुवार
सगळं वाचलं.
खाडीकाठी एक गाव. धुक्यात होड्यांना वाट कळावी म्हणून मोठी घंटा होती, ती कोणीतरी पाण्यात बुडवली. आता होड्या खडकावर आपटतात. शोध लावायचा. दीपगृहात एक म्हातारी राहते. येईल त्याला गरम सूप देते, मोजे विणून देते, सगळ्या गावाचा जीव तिच्यावर. आणि बघते तर काय, घंटा तिनेच बुडवलेली! बुडलेल्या होड्यांतलं सामान तिच्या तळघरात. खेळणाऱ्यांनी फसून तिला दीपगृहाची किल्ली दिली की संपलंच, ती दिवा विझवते.
मला फार राग आला. बंदरावर एक मिशीवाला अधिकारी आहे, दिवसभर काही करत नाही, त्याच्यावर कोणाला संशय नाही. चोर कोण, तर म्हातारी. आणि जी बाई एवढे मोजे विणते तिला चोऱ्या करायला वेळ कुठून मिळतो?
प्लास्टिक परत बंद केलं. वर फडकं ठेवून मंद इस्त्री. जोड असा बसला की कारखान्यातल्या मुकादमाने पाठ थोपटली असती. खूश झाले. मग कशावर खूश झाले ते लक्षात आलं. इस्त्री ठेवून दिली आणि नुसतीच बसून राहिले. पाय दुखत होते म्हणून.
संध्याकाळी सगळी पुस्तकं दिली. नात उड्या मारत होती. कबुली त्या उड्यांत बसेना. गोष्टीचं पुस्तक तिने छातीशी धरलं, म्हणाली, हे फक्त मी उघडायचं, आजी. यातलं कोणालाही कळता कामा नये, नाहीतर खेळ मेला. तुलासुद्धा नाही सांगणार. मी म्हटलं, मला काय करायचंय.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार
दार लावून तालीम चाललीय. वेगवेगळे आवाज काढते. मिशीवाल्याचा चांगला जमलाय. म्हातारीचा आवाज ऐकला. खाकरणं, मध्येच अगं बाई, शेवटी पुरे. कुठून उचललाय कळत नाही.
आज सांगणार होते. उद्या तिचा मोठा दिवस, आज सांगून विरस कशाला? उद्या पोरी गेल्या की लगेच सांगेन. हा पक्का निश्चय. मागचे पक्के नव्हते.

१७ ऑक्टोबर, शनिवार
ठरवलं होतं, स्वयंपाकघरातून हलायचं नाही.
तिघी आल्या. एक उंच, एक चष्मेवाली, आणि एक तोंडच उघडत नाही अशी. नात टेबलाच्या टोकाला, समोर पुठ्ठ्याचा आडोसा, त्यामागे पुस्तक. मान ताठ. घरात एवढी ताठ मी तिला पाहिली नव्हती.
मी पाणी नेऊन दिलं. थोड्या वेळाने पुन्हा दिलं. सून म्हणाली, आई, त्या पोरी वाळवंटातून आल्यात का? मी म्हटलं, बोलून घसा सुकतो. दाराशी उभी राहिले, ट्रे जड होता.
खेळ असा रंगला होता की चष्मेवाली उभी राहून फासे टाकत होती. दीपगृह आलं. नातीने म्हातारीचा आवाज काढला, पोरींनो, एकटी आहे गं मी, या थरथरत्या हातांनी किल्ली तेवढी सांभाळेन. आणि ती मुकी पोरगी, संध्याकाळभर शब्द न बोललेली, पहिल्यांदा बोलली. म्हणाली, मी देते आजीला किल्ली. बिचारी एकटीच आहे.
मला राहवलं नाही. कोणाला राहवलं असतं? डोळ्यांदेखत पोर फसतेय! म्हटलं, अगं देऊ नकोस किल्ली, तीच तर आहे! घंटा तिनेच बुडवलीय!
एक फासा टेबलावरून खाली गेला. कोणी उचलला नाही.
चष्मेवालीने नातीला विचारलं, खरं का गं? नातीने आडोशामागच्या पुस्तकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आजी, तुला कसं माहीत?
मी म्हटलं, अंदाज. म्हाताऱ्या म्हाताऱ्यांना ओळखतात.
चष्मेवाली हसली. नात हसली नाही. नंतर दोन-चार वेळा फासे पडले, पण जे माहीत झालं ते शोधायला कोण जाणार? पोरी लवकर गेल्या. उंच पोरगी जाताना म्हणाली, पाण्याबद्दल थँक्यू आजी.
कालचा पक्का निश्चय होता, पण आज नात दार लावून बसलीय. बंद दाराला काय सांगणार.

१८ ऑक्टोबर, रविवार
दुपारी नात माझ्या खोलीत आली. हातात ते प्लास्टिक. म्हणाली, आजी, दुकानातल्या प्लास्टिकचा जोड दातेरी असतो. हा सरळ आहे. इस्त्रीचा आहे.
माझीच नात. नजर तीच.
मग सांगितलं. दूध, सरडा, गादी, इस्त्री, ब्लेड, सगळं. मनात चांगलं भाषण जुळवलं होतं, त्यात सुरुवातीलाच मनगटाचं दुखणं येत होतं. बोलताना मनगट आलंच नाही. गादीखालचं पुस्तक काढून दिलं. जेवढी उलटत होती तेवढी पानं तिने उलटली.
ओरडेल म्हटलं. ओरडली असती तर मीही ओरडले असते, मला तयारी होती. ती हळू बोलली. म्हणाली, जळलं ते जळलं, आजी. मी रोज डेपोत जात होते. तू रोज विचारायचीस, सापडलं का.
मी गादीवरची चादर सरळ केली. ती सरळच होती.
सून दारात उभी होती.  मोठं मन म्हणाली होती, ते परत घेते एवढं तरी म्हणायला हवं होतं.

२० ऑक्टोबर, मंगळवार
नात पुन्हा डबा एकटीच खाते का, सुनेला विचारलं. सून म्हणाली, तिलाच विचारा. विचारणं मी सध्या बंद ठेवलंय.
नवा बेत. त्या तिघींच्या घरी जायचं, आयांना भेटून सांगायचं, चूक माझी, पोरीला शिक्षा नको. नातीला बेत सांगितला. आजी, प्लीज, तू काहीही करू नकोस, म्हणाली.
काहीही न करणं. एवढं अवघड काम कारखान्यातही कोणी दिलं नव्हतं. सकाळी केलं. दुपारी जमेना म्हणून सगळे पडदे धुतले.

२२ ऑक्टोबर, गुरुवार
बातमी आहे. मुकी पोरगी शाळेत स्वतःहून नातीच्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, पुन्हा कधी खेळायचं? शनिवारी तिघी येणार.
सून सांगत होती, मी ऐकत होते. मला काही एवढं वाटलं नाही. डोळ्यात कांदा गेला होता. सून म्हणाली, आई, तुम्ही तर बटाटा सोलताय.

२४ ऑक्टोबर, शनिवार
नातीने गोष्ट स्वतः रचलीय. नियम काही पुस्तकांतले, काही तिचे, काही फाटक्या पानांवरून आठवलेले. मी आणलेली तिन्ही रूलबुकं कपाटावर उभी आहेत. राक्षसांची शिलाई अजून कडक.
अट एकच. पोरी असेपर्यंत आजीने घरात थांबायचं नाही. मी तसंही फिरायला जाणारच होते. चालणं तब्येतीला बरं.
समोरच्या रस्त्यावरच्या बाकावर बसून होते. आमची खिडकी दिसते, ऐकू फक्त हसणं येतं, शब्द कळत नाहीत. एकदा चौघी एकदम ओरडल्या. फासा चांगला पडला का वाईट, इथून समजत नाही. वारं गार होतं. रस्त्याने दाढीवाला चालला होता, म्हणाला, काय आजी, कसा चाललाय खेळ? मी म्हटलं, जोरात. पुस्तकं छान लागली. आणखी काही हवं असेल तर तुमच्याकडेच येईन.
पोरी गेल्या तशी वर आले. भांडी विसळता विसळता सहज विचारलं, या गोष्टीत म्हातारी आहे का गं?
म्हणाली, होती. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच वारली.
कशाने, विचारलं. म्हणाली, ते खेळणाऱ्यांनाच कळेल. आणि फासे गोळा करून खोलीत गेली.
पुढच्या शनिवारी स्वेटर न्यायला हवा. बाकाला पाठ नाही.